एकोडीच्या गोदामातला अमेरिकन फुटबॉल

खळ्यावरचे धान पोत्यांत भरून घरी जाते आणि तणस मात्र कडेला ढिगाने उरते. कबड्डीचेही तसेच आहे. कोणत्या गावाने कोणत्या गावाला किती गुणांनी हरवले, हे पुढच्या हंगामापर्यंत कोणाला आठवत नाही. किस्से मात्र साचत जातात आणि तणशीवर बैलांचे वर्ष निघावे तसे त्या किश्शांवर आमच्या मंडळाचे वर्ष निघते. मी इतिहासात एम.ए. केले असल्यामुळे ऐकीव गोष्टींबाबत थोडा सावध असतो. पुढचे बहुतेक किस्से मी स्वतः पाहिलेले आहेत. जो पाहिलेला नाही, तो कोणी सांगितला ते तिथेच नमूद करतो.

आमचे मंडळ एकोडीचे. कप्तान इस्तारीदादा. वय पस्तिशीच्या पुढे, स्वतःची थोडी धानाची शेती आणि उजवा गुडघा गेली काही वर्षे कामातून गेलेला. सेक्रेटरी दयारामभाऊ यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. लग्नकार्यात लाऊडस्पीकरही तेच लावतात. फागू हा आमचा सर्वांत चपळ खेळाडू, पायानेही आणि जिभेनेही. मी खेळत नाही. नागपूरचे शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहत गावी आलो, तेव्हापासून मंडळात माझे नाव "एमे" पडले आहे. आईवडिलांनी ठेवलेले नाव तिथे बहुधा कोणाला ठाऊक नसावे!

*

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवसांत रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणण्याची नवी पद्धत सुरू झाली होती. मंडळानेही आणायचे ठरवले. दादांची एकच अट होती, "नाचगाण्याचा नको. आपल्या खेळासारखा काही असन तर आण."

दयारामभाऊ भंडाऱ्याला गेले. कॅसेटवाल्याने विचारले, "कोणता पिक्चर पाहिजे?" भाऊ म्हणाले, "ज्याच्यात माणूस माणसाले धावून पकडते आणि खाली पाडते, असा दे."

कॅसेटवाल्याने थोडा विचार केला आणि अमेरिकन फुटबॉलवरचा एक इंग्रजी चित्रपट काढून दिला. मी या व्यवहाराचा साक्षीदार नाही. भाऊंनीच सांगितलेले आहे. परंतु नंतर चित्रपट पाहिल्यावर मला मान्य करावे लागले, की याहून अचूक वर्णन एखाद्या समीक्षकालाही जमले नसते!

कव्हरवर हेल्मेट घातलेला धिप्पाड माणूस होता. फागूने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हा तं मोटारसायकलीचा पिक्चर दिसून राहिला!"

*

राइस मिलच्या रिकाम्या गोदामात भर दुपारी खेळ ठेवला. उजेड अडवायला खिडक्यांना बारदान लावले. सानगडीच्या संघाचा कप्तान उरकुडा हा आमचा जुना प्रतिस्पर्धी. त्यालाही दादांनी निरोप धाडून बोलावले होते. "मैदानात दुश्मन, गोदामात पाहुणा," असे दादांचे धोरण. उरकुडा सायकलवर आला आणि दादांच्या शेजारी पोत्यावर बसला.

चित्रपट सुरू झाला. खेळाडू समोरासमोर वाकून उभे राहिले. सगळे कान देऊन ऐकत होते.

"दम कोण घेऊन राहिला?" उरकुडाने विचारले.

कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचे असते. श्वास तुटला की तो बाद. आमच्या लोकांचे लक्ष त्यामुळे आधी खेळाडूच्या तोंडाकडे जाते. इथे तर सर्वांच्या तोंडापुढे हेल्मेटची जाळी! मी सांगितले, "या खेळात दम घ्यायचा नसतो."

कोणाचाही विश्वास बसला नाही. फागू म्हणाला, "घेत असन ना एमे! मळणीच्या बैलाले बांधतात तसं मुसकं बांधलं हाय. दम तुटला तं पंचाले कसा दिसन?"

उरकुडा पडद्यावरच्या पंचाकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हणूनच तं तो बिचारा घडी घडी शिटी मारून राहिला!"

*

इथे आमच्याकडची एक रीत सांगणे आवश्यक आहे. नियमांच्या पुस्तकात ती नाही, पण साकोली-लाखनीच्या पट्ट्यात सगळे ती पाळतात. निदान मी पाहिलेल्या सामन्यांत तरी पाळली गेली आहे. खेळाडूचा एखादा अवयव दुखावलेला असेल तर तो त्या जागी खांद्यावरचा दुपट्टा बांधून उतरतो. समोरच्याने त्या जागेला हात घालायचा नाही. बाकी शरीर मोकळे. तिथे वाटेल तशी पकड करा. दुपट्टा खोटा बांधल्याचे उदाहरण मला अजून कोणी सांगितलेले नाही.

ही रीत मनात ठेवून आमची मंडळी पडद्याकडे पाहत होती. खांद्यांवर गाद्या, मांड्यांवर गाद्या, गुडघ्यांवर पट्ट्या, मनगटांवर पट्ट्या! शेवटी फागूच्या तोंडून निघाले, "ह्या लोकायचं सारंच दुखते का गा?"

तेवढ्यात पडद्यावर एक आडदांड खेळाडू धावत आला आणि त्याने समोरच्याच्या नेमक्या पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर धडक मारली. गोदामात हलकल्लोळ उडाला. "अरे बांधलं हाय ना! बांधल्या जागी मारलं!" उरकुडा तर पोत्यावरून उठून उभाच राहिला आणि टीव्हीला उद्देशून ओरडला, "पंच! ओ पंच! झोपला का बे?"

मी समजावून सांगितले, की तिथे पट्टी ही मार लागू नये म्हणून आधीच बांधतात. उरकुडा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. "असं कसं? मार लागाच्या आधी बांधाची मंग मार लागल्यावर काय बांधाचं?"



*

संवाद इंग्रजीत असल्यामुळे भाषांतराचे काम माझ्याकडे आले. तेवढ्यावर न थांबता दयारामभाऊंनी माझ्या हातात माईक दिला. कर्णा गोदामाच्या छपरावर होता. म्हणजे मी आत जे सांगत होतो, ते हातपंपापर्यंत सगळ्या गावाला ऐकू जात होते!

मी शक्यतो जबाबदारीने भाषांतर करत होतो. "हा मनुष्य संघाचा मालक असावा." "या वाक्याचा नेमका अर्थ मला लागलेला नाही, परंतु रोख रागाचा आहे." असे बरेच जमले. मग नायक आणि त्याची मैत्रीण यांचा एक प्रसंग आला. मी घसा साफ केला आणि माईकवर सांगितले, "येथे दोघांचे खासगी बोलणे सुरू आहे."

बाहेर हातपंपावर पाणी भरणारी म्हातारी तिथूनच ओरडली, "खासगी हाय तं सांगून कायले राहिला रे बाप्पा?"

*

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. नायक हा उतरत्या वयाचा खेळाडू. एकेकाळी हवेतला कोणताही चेंडू झेलणारा. आता सकाळी जिना उतरताना त्याला पायरी पायरी बसत खाली यावे लागते. मैदानावर उतरला की मात्र तो सगळ्यांत उठून दिसतो. संघाचा डॉक्टर प्रत्येक सामन्याआधी त्याच्या गुडघ्यात इंजेक्शन देतो. तो खेळतो, टाळ्या मिळवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत बसत जिना उतरतो. शेवटी मालक त्याला केबिनमध्ये बोलावून सोडचिठ्ठी देतात आणि त्याच्या आकड्याचा शर्ट एका नव्या पोराला मिळतो.

मी फार चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यामुळे मोठे विधान करत नाही. परंतु विजयाच्या जल्लोषानंतर जिन्यावर बसलेला एकटा माणूस इतका वेळ दाखवण्याचे धैर्य मला विशेष वाटले. आणि त्याहून विशेष हे, की एरवी नाटकातही शिट्ट्या मारणारे आमचे लोक त्या प्रसंगात हललेसुद्धा नाहीत.

इंजेक्शनचा प्रसंग आला तेव्हा दादा म्हणाले, "भाऊ, थोडं मागे घे." भाऊंनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा सुई, पुन्हा गुडघा.

"डॉक्टर काय म्हणून राहिला, एमे?"

"डॉक्टर म्हणतो, आता दुखणार नाही."

दादा आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "कधी दुखन, ते विचार त्याले!"

*

चित्रपटाचा आमच्या खेळावर परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. अमेरिकन खेळाडू प्रत्येक डावापूर्वी गोल करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी खाली घालून काहीतरी ठरवतात. फागूला हे फारच आवडले. लाखनीच्या स्पर्धेत त्याने आमच्या संघाला प्रत्येक चढाईपूर्वी तसा गोल करायला लावला.

पहिल्यांदा प्रेक्षक नुसते पाहत राहिले. दुसऱ्यांदा पुढच्या रांगेतले उठून जवळ आले. तिसऱ्यांदा पंच स्वतः शिटी गळ्यात लटकवून आमच्या गोलाशेजारी वाकले आणि मातीत इकडेतिकडे पाहू लागले. त्यांना पाहून समोरचा संघही वाकला. अर्धे मैदान खाली पाहत होते! शेवटी पंचांनी काळजीने विचारले, "काय हरवलं गा? सोन्याचं होतं का?"

सामन्यानंतर मी फागूला विचारले, "गोलात तुम्ही नेमके काय ठरवत होता?" तो म्हणाला, "ठरवाचं काय असते ते आमाले कुठी माहीत? दादा एवढंच विचारे, जेवले का सारे?"

*

आता सानगडीच्या शील्डविषयी. मंडईनंतर सानगडीला मोठी स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्या संघाला वर्षभरासाठी शील्ड मिळते. चित्रपट आला त्याच्या आदल्या वर्षी ती शील्ड आम्ही प्रथमच जिंकलो होतो. अंतिम सामना सानगडीशीच होता. शेवटची चढाई दादांची, गुडघ्यावर दुपट्टा बांधलेला. परतताना ते उरकुडाच्या टप्प्यात आले. उजवा पाय अगदी त्याच्या हातासमोर होता. उरकुडाने पुढे केलेला हात मागे घेतला, डाव्या पायासाठी वळला आणि तेवढ्या अवधीत दादा रेषेपार झाले.

टाळ्या दोघांनाही मिळाल्या. उरकुडाला तर थोड्या जास्तच. गावात मिरवणूक निघाली. दादा मात्र मिरवणुकीत मागे मागे चालत होते. शील्ड सायकलच्या दुकानात लावायची ठरली, तेव्हा त्यांनी ती पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवायला सांगितली.

"काहून दादा? जिंकली ना आपण!" भाऊ म्हणाले.

"जिंकली नाही. त्यानं हात मागे घेतला, म्हणून भेटली," दादा म्हणाले.

वर्षभर ती शील्ड जुन्या टायरांच्या मागे पोत्यातच होती. गिऱ्हाईकाने विचारले की भाऊ ती काढून दाखवत. दादा दुकानाकडे येताना दिसले की पुन्हा पोत्यात!

*

चित्रपट पाहिल्यापासून दयारामभाऊंच्या डोक्यात सुईने घर केले होते. साकोलीच्या एका कंपाउंडरशी त्यांची ओळख होती. पुढच्या सानगडी स्पर्धेच्या आधी त्यांनी दुकानात विषय काढला.

"दादा, हा तुमचा अखेरचा सीझन. तुमीच म्हणून राहिले. मंग सुई घेऊन एकदा मोकळ्या पायानं खेळून घ्या ना! कंपाउंडर मैदानातच येते म्हणते."

फागूही म्हणाला, "अमेरिकेत चालते, तं सानगडीत काहून नाही चालणार?"

दादा एका सायकलच्या चाकाला हवा भरत होते. पंप थांबवून म्हणाले, "दुखते, म्हणून तं पाय कुठी ठेवाचा आणि कुठी नाही, ते समजते मले. दुखणंच बंद केलं तं मैदानात सांगन कोण?"

भाऊंनी माघार घेतली. "बरं, सुई नका घेऊ. दुपट्टा तं बांधसान ना?"

दादांनी पुन्हा हवा भरायला सुरुवात केली. टायर दगडासारखा टणक झाला तरी ते भरतच होते. शेवटी भाऊच म्हणाले, "दादा, चाक फुटन!"

*

शेवटचा किस्सा सानगडीच्या मैदानावरचा. हा मी पुढच्या रांगेत बसून पाहिला आहे.

अंतिम सामना पुन्हा एकोडी विरुद्ध सानगडी. दयारामभाऊंनी न राहवून कंपाउंडरला बोलावून ठेवलेच होते. तो आपली पेटी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला होता. दादा मैदानात उतरले आणि एकोडीची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. दादांच्या गुडघ्यावर दुपट्टा नव्हता! दोन्ही पाय सारखेच उघडे, सारखेच मातीने माखलेले.

उरकुडा मधल्या रेषेपर्यंत आला. "दादा, दुपट्टा कुठी हाय?"

"घरी."

"गुडघा बरा झाला का?"

"खेळाले आला का डाक्टरकी कराले?"

उरकुडा आपल्या जागी गेला. कबड्डीत या जागेवरून त्या जागेवर जायला फार वेळ लागत नाही. त्याला मात्र बराच लागला.

सामना चुरशीचा झाला. फागूने त्या दिवशी जो खेळ केला, तो खरे तर स्वतंत्र किश्शाचा विषय आहे. अखेरीला गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई आमची. फागू निघणार तोच दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे केले आणि स्वतः रेष ओलांडली.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." इतका स्वच्छ दम मी क्वचितच ऐकला आहे. डावीकडे हूल, उजवीकडे हूल, कोपऱ्यातल्या खेळाडूला स्पर्श, आणि दादा वळले. रेष जवळ होती. मध्ये उरकुडा होता. मागच्या वर्षीसारखाच उजवा पाय त्याच्या हातासमोर आला.

उरकुडाने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी दादांचा उजवा गुडघा कवटाळला!

दादा कोसळले. एक हात रेषेकडे ताणलेला, तोंडात दम चालूच. बोटे मातीत पुढे सरकत होती. उरकुडाने गुडघा सोडला नाही. बोटे रेषेपासून थोडी अलीकडे थांबली आणि दम संपला.

मैदानात जो आरडाओरडा झाला, तो आनंदाचा नव्हता. एकोडीची माणसे उठली, आणि मी जबाबदारीने सांगतो, सानगडीचीही उठली. "लाज नाही वाटत का बे? दुखऱ्या पायाले धरलं!" "अरे सारा तालुका वळखते तो गुडघा!" पंच शिटी वाजवत होते आणि कोणी ऐकत नव्हते. उरकुडा खाली मान घालून मातीत बसून राहिला होता. त्याच्याच गावची माणसे त्याच्यावर धावून येत होती.

दादा फागूच्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहिले. त्यांनी हात वर केला. हळूहळू मैदान शांत झाले.

"बोंबलू नका!" दादा म्हणाले. "बांधलं नव्हतं."

मग दादांनी भाऊंना हाक मारली, "दयाराम, शील्ड आण." भाऊंनी शील्ड आणली, पोत्यासकट. दादांनी स्वतःच्या हाताने पोते काढले, दुपट्ट्याने शील्ड पुसली, म्हणजे तो दुपट्टा घरी नसून त्यांच्या पिशवीतच होता, आणि ती उरकुडाच्या हातात दिली. उरकुडाने शील्ड आपल्या माणसाकडे सोपवली आणि दादांकडे पाठ करून खाली वाकला.

"बसा, दादा."

"कुठी?"

"पाठीवर. चालता येते का तुमाले? बसा म्हणतो ना!"

दादा बसले. सानगडीचा विजयी कप्तान एकोडीच्या हरलेल्या कप्तानाला पाठीवर घेऊन मैदानातून निघाला, आणि मागच्या वर्षी मिरवणुकीत मागे मागे चालणारा तो माणूस लग्नाच्या घोड्यावर बसावा तसा ताठ बसला होता. गर्दी बाजूला होत होती. तेवढ्यात दयारामभाऊ कंपाउंडरला ओढत ओढत धावत आले. पेटी उघडलेली, सुई तयार.

"दादा, आता तं खेळ संपला! आता तरी सुई घ्या!"

दादांनी वरूनच खाली उरकुडाकडे पाहिले आणि कंपाउंडरला म्हणाले, "मले कायले? याच्या पाठीले दे. उद्या दुखन ते याचंच!"